वेगवान पण नाजूक पोकेमॉन एकाच फटक्यात जातो, तेव्हा काय करावं? वीव्हाइलच्या निमित्तानं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोकेमॉन स्वोर्ड या व्हिडिओ गेममधली टीम घेऊन मित्रांशी सहा विरुद्ध सहा सिंगल्स (एका वेळी दोन्हीकडचा एकेकच पोकेमॉन मैदानात) खेळतो, लेव्हल १००, डायनामॅक्स (पोकेमॉनला काही टर्न महाकाय करणारी सोय) बंद. टीममध्ये वीव्हाइल हा डार्क आणि बर्फ प्रकारांचा पोकेमॉन आहे. समोर गार्चॉम्प आला की लगेच वीव्हाइलला आत आणतो, कारण बर्फाचा फटका गार्चॉम्पला चौपट लागतो. पण दर वेळी गार्चॉम्पचा अर्थक्वेक हा जोरदार फटका बसतो आणि वीव्हाइल जागीच जातो. मग स्पीडचे ईव्ही (स्टॅट वाढवण्यासाठी वाटायचे गुण) काढून एचपीत (जीवशक्तीत) टाकावेत का? फोकस सॅश, म्हणजे एका जीवघेण्या फटक्यातून १ एचपीवर वाचवणारा आयटम, द्यावा का? की असा नाजूक पोकेमॉन टीममध्ये ठेवूच नये?

ईव्हीला हात लावू नका आणि वीव्हाइलला काढूही नका. २५२ अटॅक, २५२ स्पीड, जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव) हेच बरोबर आहे. बदलायचं आहे ते त्याला आत आणण्याचं तंत्र. वेगवान आणि नाजूक पोकेमॉनचा वेग फटका मारायच्या टर्नला कामी येतो. आत यायच्या टर्नला त्याचा काडीचाही उपयोग नसतो, कारण स्विच करताना, म्हणजे पोकेमॉन बदलताना, समोरच्याचा फटका आपण खातोच. म्हणून अशा पोकेमॉनचं सगळं कौशल्य मैदानात शिरण्यात आहे. तो टर्न फुकटात मिळवता आला की पुढचं काम तो स्वतः करतो.

हे आकड्यांत पाहू, कारण ईव्ही हलवायचा मोह आकडे पाहिल्याशिवाय जात नाही.

वीव्हाइलचे बेस स्टॅट (मूळ क्षमता) असे: एचपी ७०, अटॅक १२०, डिफेन्स ६५, स्पेशल अटॅक ४५, स्पेशल डिफेन्स ८५, स्पीड १२५. वर सांगितलेले ईव्ही दिले की लेव्हल १०० ला त्याचं एचपी २८१, अटॅक ३३९ आणि स्पीड ३८३ होतं. समोर जॉली गार्चॉम्प, अटॅक आणि स्पीडला पूर्ण ईव्ही: अटॅक ३५९, स्पीड ३३३, एचपी ३५७. त्याचा अर्थक्वेक तुमच्या वीव्हाइलला २३२ ते २७४ इतका लागतो. म्हणजे एचपी पूर्ण असेल तर वीव्हाइल त्या एका फटक्यातून वाचतो! मग तुमच्याकडे तो दर वेळी जातो कसा? स्टेल्थ रॉकमुळे, म्हणजे समोरच्यानं आपल्या बाजूला पसरलेल्या, आत येणाऱ्याला टोचणाऱ्या दगडांमुळे. बर्फ प्रकाराला दगड दुप्पट लागतो, म्हणून आत पाऊल टाकताच एक चतुर्थांश एचपी, म्हणजे ७०, गेलं. उरले २११. त्यावर अर्थक्वेक कमीत कमी २३२ चा.

बरं, रॉक नसते तरी हा स्विच तोट्याचाच. अर्थक्वेक खाऊन वीव्हाइलकडे ७ ते ४९ एचपी उरतं. पुढच्या टर्नला तो आधी हलतो, ट्रिपल ॲक्सल हा बर्फाचा मूव्ह मारतो. पण गार्चॉम्पकडे रफ स्किन ही ॲबिलिटी (अंगभूत गुण) असेल तर अंगाला लागणाऱ्या प्रत्येक फटक्यामागे वीव्हाइलचं एक अष्टमांश एचपी जातं, म्हणजे ३५. ट्रिपल ॲक्सल हा तीन वेगवेगळ्या फटक्यांचा मूव्ह. पहिल्या किंवा दुसऱ्या फटक्यालाच वीव्हाइल स्वतः आडवा होतो. आइस शार्ड हा हलका पण आधी लागणारा बर्फाचा फटका मारला तर २६४ ते ३१२, गार्चॉम्प जखमी होतो पण उभा राहतो.

आता तुम्ही म्हणता तसं करू. स्पीडचे २५२ ईव्ही एचपीत टाकू. एचपी झालं ३४४, स्पीड उतरलं ३१४ वर. समजा एखादा सोबती पडला आणि त्याच्या जागी वीव्हाइल फुकटात आत आला. स्टेल्थ रॉकनं ८६ गेले, उरले २५८. पण गार्चॉम्पचं स्पीड ३३३, म्हणजे आता तोच आधी हलतो. अर्थक्वेकच्या नुकसानीचे जे सोळा संभाव्य आकडे असतात, त्यांतले सात वीव्हाइलला तिथेच संपवतात. उरलेल्या नऊ वेळांत तो जास्तीत जास्त २६ एचपीवर जगतो, आणि पहिला फटका मारताच रफ स्किनचे ४३ बसून पडतो. म्हणजे जी लढत मुळात त्याच्या हातची होती, तीच आपण जाड कातडीच्या लोभानं घालवली.

मूळच्या ईव्हीनं तीच लढत पाहा. फुकटात आत आला, रॉकनं ७० गेले, २११ उरले. स्पीड ३८३, तो आधी हलतो. ट्रिपल ॲक्सलचे पहिले दोन फटके मिळून कमीत कमी ३९६, गार्चॉम्पचं एचपी ३५७. तिसऱ्या फटक्याची गरजच पडत नाही. रफ स्किनचे ७० वजा करून वीव्हाइल १४१ एचपीवर उभा, आणि समोरच्याचा एक मोहरा कमी. अटॅकचे ईव्ही काढले असते तर त्याच दोन फटक्यांचं किमान नुकसान ३२४ वर आलं असतं, म्हणजे गार्चॉम्प वाचण्याची वाट मोकळी झाली असती. नाजूक पोकेमॉनवर टाकलेले बचावाचे ईव्ही बहुतेकदा असेच वाया जातात: मुळात पाया छोटा, त्यावर कितीही चढवलं तरी मोठा फटका पेलत नाही. अपवाद आहेत, एखाद्या ठरावीक फटक्यातून नेमकं वाचण्यासाठी अनुभवी खेळाडू थोडे ईव्ही हलवतात. पण ते नेमका आकडा मोजून, अंदाजानं कधीच नाही.

आता मुख्य भाग, आत कसं आणायचं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आपला एखादा पोकेमॉन पडल्यावर. तेव्हा बदली फुकट असते. बरेच नवे खेळाडू मरायला टेकलेल्या पोकेमॉनला वाचवण्यासाठी त्याच्या जागी वीव्हाइलला आणतात आणि दोघांनाही गमावतात. १५ टक्के एचपीवर आलेला, पुढे काही कामाचा नसलेला पोकेमॉन असेल तर त्याला पडू द्या. त्याच्या बदल्यात वीव्हाइलला सुरक्षित प्रवेश मिळतो, आणि हा सौदा जवळजवळ नेहमी फायद्याचा असतो. मात्र आधी एक गोष्ट तपासा: त्या पोकेमॉनची पुढे कुणाला अडवायला गरज लागणार आहे का? लागणार असेल तर दुसरा मार्ग शोधा.

दुसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. मंद, दणकट सोबत्याकडून आत येणं. स्वोर्ड-शील्डमध्ये टेलिपोर्ट हा बदलीचा मूव्ह आहे आणि त्याची प्रायॉरिटी उणे ६ आहे, म्हणजे समोरच्याचा मूव्ह होऊन गेल्यावरच तो चालतो. स्लोब्रो किंवा स्लोकिंग तो फटका स्वतःच्या अंगावर घेतात, मग निघून जातात आणि वीव्हाइल न खरचटता आत येतो. वर या दोघांची रीजनरेटर ॲबिलिटी बाहेर पडताना त्यांना एक तृतीयांश एचपी परत देते. जोडी जुळते ती प्रकारांमुळेही. वीव्हाइलला फायटिंग चौपट लागतं, आग आणि स्टील दुप्पट. हे तिन्ही प्रकार स्लोब्रो आरामात झेलतो. त्यात निघण्याआधी स्लोब्रोनं फ्यूचर साइट हे उशिरा लागणारं सायकिक अस्त्र लावून ठेवलं असेल तर ते दोन टर्ननी कोसळतं, आणि वीव्हाइलला मारायला येणाऱ्या फायटिंग पोकेमॉनला नेमकं तेच दुप्पट लागतं. समोरच्यानं स्टील आणला तर तो सायकिक झेलतो खरा, पण मग वीव्हाइलचा लो किक हा फायटिंग फटका त्याची वाट बघत असतो. ही जोडी एकदा नीट चालवून पाहा. टेलिपोर्ट नसेल तर मंद पोकेमॉनचं यू-टर्न किंवा व्होल्ट स्विचही (मारून लगेच बदली करणारे मूव्ह) हेच काम करतं, फक्त तो समोरच्यापेक्षा खरंच मंद हवा. आधी हलला तर फटका वीव्हाइललाच बसणार.

तिसरा मार्ग म्हणजे ज्या मूव्हचा आपल्यावर परिणामच होत नाही, त्यावर स्विच करणं. वीव्हाइल डार्क असल्यामुळे सायकिक मूव्ह त्याला शून्य लागतात. समोरचा स्लोब्रो फ्यूचर साइट लावतोय असं वाटलं तर तो टर्न तुमचा. पूर्वी गेंगार याच बळावर भाव खाऊन जायचा. लेव्हिटेट (हवेत तरंगण्याची ॲबिलिटी) होतं तोवर नॉर्मल, फायटिंग आणि ग्राउंड, तीन प्रकारांवर तो निर्धास्त आत यायचा. सातव्या पिढीत त्याचं लेव्हिटेट जाऊन कर्स्ड बॉडी आलं, ग्राउंडचं दार बंद झालं. स्पीड तेच ११०, स्पेशल अटॅक तोच १३०, तरी त्याला वापरणं अवघड झालं ते एवढ्यामुळेच.

आयटमचं बोलायचं तर वीव्हाइलला हेवी-ड्यूटी बूट्स द्या, ते असले की आत येताना रॉकचं नुकसान होत नाही. स्टेल्थ रॉक आल्यापासून, म्हणजे २००६ पासून, वीव्हाइलसारखे बर्फ प्रकारातले पोकेमॉन प्रत्येक प्रवेशाला एक चतुर्थांश एचपी मोजत होते. २०१९ मध्ये बूट्स आले आणि ही पट्टी थांबली. चॉइस बँडनं फटका दीडपट होतो हे खरं, पण एकाच मूव्हमध्ये अडकणं आणि प्रवेशाला ७० मोजणं, हे दोन्ही एकदम नवशिक्याला झेपत नाही. फोकस सॅशबद्दल विचारलंत. तो फक्त पूर्ण एचपी असतानाच काम करतो. मैदानात रॉक पडले की आत येताक्षणी तो निकामी. पहिल्याच टर्नला पाठवणार असाल, किंवा तिघा विरुद्ध तिघा लढतीत खेळणार असाल, तर सॅश चांगला. तिथे रॉक कमी दिसतात, बदल्याही कमी होतात. सहा विरुद्ध सहामध्ये बूट्सच. ॲलाकझामची गोष्ट वेगळी: त्याच्या मॅजिक गार्डमुळे रॉकचं नुकसान होत नाही, सॅश शाबूत राहतो, म्हणून त्याला सॅश शोभतो.

छोट्या छोट्या चाव्यांकडे विशेष लक्ष ठेवा. मोठा फटका दिसतो, हे दिसत नाहीत. सगळ्यात वाईट उदाहरण फेरोथॉर्नचं. आयर्न बार्ब्स ही त्याची ॲबिलिटी, आणि हातात रॉकी हेल्मेट; दोन्ही अंगाला मारणाऱ्यालाच जखमी करतात. वीव्हाइलनं ट्रिपल ॲक्सलचे तिन्ही फटके मारले तर बार्ब्सचे ३५ तीनदा आणि हेल्मेटचे ४६ तीनदा, एकूण २४३. समोरच्यानं बोटही न हलवता वीव्हाइल २८१ वरून ३८ वर. फेरोथॉर्न समोर दिसला की आधी एकदा नॉक ऑफ मारून आयटम पाडा, किंवा सरळ दुसऱ्याला पाठवा.

नॉक ऑफ हा वीव्हाइलचा खरा रोजचा मूव्ह आहे. सहाव्या पिढीपासून त्याची पॉवर ६५ आहे आणि समोरच्याकडे आयटम असेल तर दीडपट. वीव्हाइल समोर उभा राहिला की अर्धे पोकेमॉन पळतात, म्हणजे समोरचा स्विच करतो. त्या टर्नला नेमका कोण येणार हे ओळखण्याचा अट्टहास धरू नका. नॉक ऑफ मारा. येणारा कुणीही असो, त्याचे बूट्स नाहीतर लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडं एचपी परत देणारा आयटम) गेले की पुढच्या अर्ध्या तासाची लढत बदलते. ट्रिपल ॲक्सल प्रत्येक फटक्याला ९० टक्के अचूकता तपासतो. तिन्ही बसण्याची शक्यता ७२.९ टक्के. त्यामुळे जिथे तो चुकला तर वीव्हाइल जाणार, तिथे दुसरा मूव्ह पुरतो का ते आधी बघा. त्याचा एक मोठा गुण मात्र लक्षात ठेवा: अनेक फटक्यांचा असल्यामुळे तो समोरच्याचा फोकस सॅश फोडून पुढे मारतो.

स्पीडचा आकडा स्वतःपुरता काही सांगत नाही. तो कुणाच्या पुढे आणि कुणाच्या मागे आहे, एवढंच महत्त्वाचं. अटॅक वाढावा म्हणून ॲडमंट नेचर घेतलंत तर स्पीड ३४९ होतं, आणि टिमिड नेचरचे (हेही स्पीड वाढवतं) गेंगार किंवा लाटिऑस ३५० वर आहेत. एका आकड्यानं लढत हातची जाते. जॉलीनं ३८३. त्यावरही ड्रॅगापल्ट आहे, स्पीडचं नेचर असेल तर ४२१, नसेल तर बरोबर ३८३, म्हणजे नाणेफेक. चॉइस स्कार्फवाला (स्पीड दीडपट करणारा आयटम) लँडोरस, थेरियन रूपातला, ४२१ किंवा ४६३. म्हणून समोरचा एखादा पोकेमॉन अनपेक्षितपणे आधी हलला की लगेच टिपून ठेवा, त्याच्याकडे स्कार्फ आहे. वीव्हाइलला त्याच्यासमोर उघड्यावर पाठवू नका. आइस शार्ड मात्र चालतो, प्रायॉरिटी असल्यामुळे स्कार्फलाही तो मागे टाकतो. जखमी लँडोरस-गार्चॉम्पसाठी मी तो जवळजवळ नेहमी ठेवतो.

हेच हत्यार समोरच्याकडेही असतं. सिझरचं बेस स्पीड फक्त ६५, पण टेक्निशियन ॲबिलिटीनं वाढलेला त्याचा बुलेट पंच, हा आधी लागणारा स्टीलचा फटका, वीव्हाइलला ३०६ ते ३६२ लागतो. पूर्ण एचपीवरही तो वाचत नाही. फायटिंगचा मॅक पंच चौपट, त्याबद्दल बोलायलाच नको. पॅरालिसिस झाला तर ३८३ चे १९१ होतात आणि हीट्रानसारखे मध्यम वेगाचेही पुढे निघतात, वर चारातून एकदा टर्नच जातो. पॅरालिसिस करणारा थंडर वेव्ह ठेवणारा पोकेमॉन समोरच्या टीममध्ये दिसला तर वीव्हाइलला त्याच्यापासून लांब ठेवा. ट्रिक रूममध्ये पाच टर्न मंद पोकेमॉन आधी हलतात. तेवढा वेळ वीव्हाइल बाहेरच बसू द्या. आत येणाऱ्याचा स्पीड कमी करणाऱ्या स्टिकी वेबचा त्रास बूट्समुळे होत नाही.

म्हणून लढत सुरू व्हायच्या आधी, समोरचे सहाही चेहरे दिसतात तेव्हाच, वीव्हाइलला कोण कोण अडवू शकतं ते मोजा. समजा सिझर आणि क्लिफेबल. सिझरसाठी आगवाला एक सोबती, क्लिफेबलसाठी स्टीलवाला एक सोबती. त्या दोघांचं काम आधी. हे दोन अडसर दूर झाले किंवा पुरेसे जखमी झाले की वीव्हाइल मागून येऊन उरलेल्यांना एकामागून एक झोडपतो. अटॅक दुप्पट करणारा स्वोर्ड्स डान्स लावायला एक मोकळा टर्न मिळाला तर मग काही उरतच नाही. हुकमाचं पान पहिल्याच हाताला टाकायची घाई करू नका. मधल्या काळात तो आत येईल, नॉक ऑफ मारेल, निघून जाईल, पण एचपी सांभाळून. दहाव्या टर्नला ८० टक्क्यांवर असलेला वीव्हाइल पाहिला की समोरचा खेळाडू सावध खेळायला लागतो, आणि त्याच्या त्या सावधपणाचा फायदा तुमच्या बाकीच्या पाचांना होतो.

दुसरे वेगवान, नाजूक पोकेमॉन घेणार असाल तर हाच हिशोब थोडा बदलतो. रेजिएलेकीचं बेस स्पीड २००, कुणी त्याच्या पुढे जात नाही. पण इलेक्ट्रिकशिवाय त्याच्याकडे मारायला फारसं काही नाही, आणि एक ग्राउंड पोकेमॉन त्याला जागीच थोपवतो. डिऑक्सिसच्या अटॅक रूपाचे (तो स्वोर्डमध्ये मिळत नाही) दोन्ही अटॅक १८०, दोन्ही डिफेन्स २०. तिथे आत आणण्याची कला आणखीच बारीक करावी लागते, कारण तो साधा क्विक अटॅकही झेलत नाही म्हटलं तरी चालेल. फेरोमोसाचंही तसंच, स्पीड १५१ आणि दोन्ही डिफेन्स ३७.

सध्या वीव्हाइलवरच सराव करा. बूट्स, जॉली, नॉक ऑफ, ट्रिपल ॲक्सल, आइस शार्ड, आणि चौथ्या जागी स्वोर्ड्स डान्स किंवा लो किक. सोबत टेलिपोर्टवाला स्लोब्रो. गार्चॉम्प समोर आला की या वेळी वीव्हाइल काढू नका. स्लोब्रोला पाठवा, त्याला अर्थक्वेक खाऊ द्या, टेलिपोर्ट दाबा. गार्चॉम्प तिथेच थांबला तर तो गेला. पळाला तर त्याच्या जागी येणाऱ्यावर नॉक ऑफ.